शल्यचिकित्सकाची घडण आणि कामाचे तास

वैद्यकाची पहिली पदवी आणि त्यानंतरची एका वर्षाची आंतरवासिता पुरी करून जो तरुण किंवा जी तरुणी सामान्य शल्यतंत्राच्या एम. एस. अभ्यासक्रमास दाखल होते, ती व्यक्ती त्या दिवसापासून तीन वर्षे रुग्णालयाशी दुहेरी नात्याने बांधली जाते. विद्यापीठाच्या दप्तरी ती विद्यार्थी असते. शुल्क भरते, प्रबंध लिहिते, अखेरीस परीक्षेस बसते. रुग्णालयाच्या हजेरीपटावर मात्र ती कनिष्ठ निवासी डॉक्टर असते. विद्यावेतन घेते, वॉर्ड सांभाळते, रात्रीच्या रात्री कॅज्युअल्टीत उभी राहते. या दोन नात्यांपैकी कोणत्या नात्याने तिचा दिवस खर्ची पडतो, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकीय महाविद्यालयांच्या अंतर्गत कारभाराचा वाटेल. तसा तो नाही. आज वॉर्डात उभा असलेला हा निवासी उद्या जिल्ह्याच्या ठिकाणी एकटाच शल्यचिकित्सक म्हणून बसणार आहे, आणि आपल्यापैकी कोणाच्या तरी पोटावर त्याची सुरी चालणार आहे.

या विषयावर गेली अनेक वर्षे जो वाद चालू आहे तो बहुतांशी तासांभोवती फिरतो. ज्येष्ठ शल्यतज्ज्ञ म्हणतात, शस्त्रक्रिया घड्याळ लावून शिकता येत नाही. तरुण निवासी म्हणतात, छत्तीस तास न झोपलेल्या माणसाच्या हाती सुरी देणे हा रुग्णाचा घात होय. माझे मत असे की तरुणांची बाजू खरी आहे व ती कायद्याने आकड्यात बांधली पाहिजे. परंतु ज्येष्ठांच्या म्हणण्यातही एक गोष्ट अशी आहे की जी टाकून दिली तर तास कमी होतील आणि शल्यचिकित्सकही कमी कसाचा निघेल. ती गोष्ट कोणती, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाणे प्राप्त आहे.

शस्त्रकर्म शिकविण्याची पद्धतशीर कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा नववा अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. सर्व शास्त्र मुखोद्गत असले तरी ज्याने योग्या केलेली नाही तो प्रत्यक्ष कर्मास अपात्र होय, असा त्या अध्यायाचा रोख आहे, आणि पुढे कोणते कर्म कशावर गिरवावे याची तपशीलवार यादी दिली आहे. छेदनाचा सराव भोपळा, काकडी, कलिंगड यांसारख्या फळांवर. भेदनाचा, पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर. वेधनाचा, मृत जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. शिवण्याचा, जाड्या-पातळ वस्त्राच्या कडांवर आणि मऊ चामड्यावर. पट्टी बांधण्याचा, माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर. या यादीचा अभिमान बाळगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिच्यातील तत्त्व आपल्या शल्यविभागांत किती पाळले जाते, याची चौकशी करणारे मात्र फारसे आढळत नाहीत. ते तत्त्व एवढेच, की हाताचे पहिले अडखळणे रुग्णाच्या देहावर होऊ नये.

आज जगभर रूढ असलेली निवासी पद्धती मात्र सुश्रुताकडून आलेली नाही. ती अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून आली. हे रुग्णालय १८८९ मध्ये उघडले. तेथील शल्यविभागाचे प्रमुख विल्यम हॉल्स्टेड यांनी १८७८ ते १८८० या काळात व्हिएन्ना व जर्मनीतील शल्यचिकित्सालये पाहिली होती, आणि तेथील प्राध्यापकांभोवती वर्षानुवर्षे राहणाऱ्या साहाय्यकांची परंपरा त्यांच्या मनात भरली होती. तिच्याच धर्तीवर त्यांनी आपल्या विभागाची रचना केली, आणि १९०४ मध्ये येल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात शल्यचिकित्सकाच्या शिक्षणाविषयीचे आपले विचार मांडले. साहाय्यकाने रुग्णालयातच राहावे, प्रथम पाहावे, मग हाताशी उभे राहावे, मग ज्येष्ठाच्या नजरेखाली स्वतः करावे, आणि शेवटी मुख्य निवासी म्हणून जवळजवळ स्वतंत्रपणे विभाग चालवावा, असा तो क्रम होता. जबाबदारी पायरीपायरीने वाढत जाणे, हे या पद्धतीचे खरे सत्त्व. शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्याहून चांगली कल्पना कोणाला सुचलेली नाही.

परंतु याच पद्धतीत एक दोष जन्मापासून होता. ती मनोऱ्यासारखी होती. पायथ्याशी अनेक घेतले जात आणि शिखरावर एखादाच पोचे. हॉल्स्टेड यांच्या तेहतीस वर्षांच्या कारकीर्दीत मुख्य निवासी या पदापर्यंत पोचलेले अवघे १७ जण होते. मुदत ठरलेली नव्हती. गुरूला वाटेल तेव्हा शिक्षण संपे. मधेच गळणाऱ्यांचे श्रम रुग्णालयास मिळाले, विद्या मात्र त्यांना अपुरी मिळाली. पुढे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात एडवर्ड चर्चिल यांनी हा मनोरा मोडून, जितके घ्यावयाचे तितक्यांना शेवटपर्यंत शिकवावयाचे, अशी आयताकृती रचना आणली आणि तीच हळूहळू सर्वत्र मान्य झाली. जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. हॉल्स्टेड यांनी १८८४ च्या सुमारास कोकेनचे बधिरीकरणाचे प्रयोग स्वतःवर केले आणि त्यांना त्याचे व्यसन जडले. पुढे मॉर्फीनने त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. त्यांच्या थोरवीला याने बाध येत नाही. परंतु अखंड जागरण आणि अखंड सेवा हाच शल्यचिकित्सकाचा स्वाभाविक धर्म होय असे सांगताना ज्यांच्या नावाचा आधार घेतला जातो, त्यांचाही देह मनुष्याचाच होता, एवढे ध्यानात ठेवावे.

भारतात मुंबई, कलकत्ता, मद्रास येथील जुन्या महाविद्यालयांत ब्रिटिश वळणाचे हाउस सर्जन आणि रजिस्ट्रार होते. दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थान १९५६ मध्ये व चंडीगढची पदव्युत्तर संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली, आणि निवासी पद्धती आपल्याकडे रुजविण्यात या संस्थांचा मोठा वाटा आहे. नाव बदलले, रचना बदलली. रुग्णसंख्येचा ओघ मात्र सर्वत्र तोच राहिला, किंबहुना वाढत गेला.

आता एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयातील पहिल्या वर्षाच्या निवाशाचा दिवस पाहू. पहाटे साडेपाच-सहाला तो वॉर्डात येतो. प्रत्येक रुग्णाची नाडी, ताप, रात्रभरात झालेली लघवी, पोटातील नळीतून आलेल्या स्रावाचे माप व रंग यांची नोंद करतो, ड्रेसिंग बदलतो, रक्ताचे नमुने घेतो. आठला युनिटप्रमुखांचा राउंड. मग बाह्यरुग्ण विभाग किंवा शस्त्रक्रियागृह. युनिटचा एमर्जन्सीचा दिवस असेल तर सकाळी आठपासून पुढचे चोवीस तास येणारा प्रत्येक शल्यरुग्ण त्याच युनिटचा: फुटलेले आंत्रपुच्छ, विषमज्वराने आतड्याला पडलेले छिद्र, पीळ पडून काळे झालेले आतडे, मधुमेहाने सडलेला पाय, भाजलेली सून, मोटारसायकलवरून पडलेला मुलगा, सर्पदंशानंतर हातभर सुजलेला शेतमजूर. दुसरा दिवस उजाडला म्हणजे सुटी नव्हे. रात्री दाखल झालेल्यांसह पुन्हा राउंड, पुन्हा ड्रेसिंग, पुन्हा फॉर्म. हे सारे आटोपून संध्याकाळी आठला तो सुटला तर छत्तीस तास झाले. आठवड्यात अशा दोन पाळ्या धरल्या तर बहात्तर तास. उरलेल्या दोन दिवसांचे बारा-बारा तास आणि रविवारच्या राउंडचे चार तास मिळविले की शंभर होतात. हा हिशेब अतिशयोक्तीचा नाही, हे ज्यांनी ही वर्षे काढली आहेत ते जाणतात.

पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की या शंभर तासांत विद्येचे तास कोणते, याचा कोणी हिशेब ठेवीत नाही. आतड्याच्या छिद्राचे निदान करणे ही विद्या आहे. त्या रुग्णासाठी रक्तपेढीत जाऊन रांगेत उभे राहणे ही विद्या नव्हे. क्ष-किरण चित्रात पडद्याखालची हवा ओळखणे ही विद्या. ते चित्र काढण्यासाठी वॉर्डबॉय नाही म्हणून स्वतः ट्रॉली ढकलत नेणे ही नव्हे. नमुने प्रयोगशाळेत पोचविणे, अहवाल आणणे, सीटी स्कॅनची वेळ मिळावी म्हणून विनवण्या करणे, शासकीय योजनेच्या मंजुरीसाठी एकच माहिती तीन ठिकाणी भरणे, आणि खाट नाही म्हणून संतापलेल्या नातेवाइकांचे बोल ऐकून घेणे, ही सर्व कामे रुग्णासाठी आवश्यक आहेत यात शंका नाही. ती कोणी तरी केलीच पाहिजेत. परंतु ती शल्यचिकित्सकाने केली पाहिजेत असे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नाही. कारकून, परिचर आणि वाहक यांची रिकामी राहिलेली पदे विद्यार्थ्याच्या झोपेतून भरून काढण्याची जी रीत पडली आहे, तिला शिक्षणाचे नाव देणे बंद केले पाहिजे. ‘अरे, आमच्या वेळी आम्ही हे सर्व केले,’ असे ज्येष्ठ म्हणतात, आणि कनिष्ठ ‘हो सर’ म्हणून गप्प बसतो. तीन वर्षांनी तोच नव्याला तेच सांगतो. आपण सोसले हा दुसऱ्याने सोसण्याचा पुरावा होत नाही.

झोपेच्या अभावाचा बुद्धीवर काय परिणाम होतो, हा आता मताचा विषय राहिलेला नाही. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखविले की सतत सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि चोवीस तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या बरोबरीस येते. आपल्या मोटारवाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. ज्या अवस्थेतील माणसाच्या हाती आपण स्टिअरिंग देत नाही, त्या अवस्थेशी तुलना होईल अशा माणसाच्या हाती आपण औषधाची मात्रा लिहिण्याची लेखणी देतो. बॉस्टनमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चोवीस तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या प्रशिक्षणार्थींच्या हातून गंभीर स्वरूपाच्या चुका, आखूड पाळ्या करणाऱ्यांच्या मानाने सुमारे ३६ टक्के अधिक झाल्या. पुढल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत असे आढळले की लांब पाळी संपवून स्वतः वाहन चालवीत घरी जाणाऱ्या प्रशिक्षणार्थींना अपघात होण्याची शक्यता दुपटीहून अधिक असते. रुग्ण आणि डॉक्टर या दोघांनाही येथे धोका आहे.

अमेरिकेत हा प्रश्न सार्वजनिक झाला तो एका मृत्यूमुळे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात अठरा वर्षांची एक मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच मरण पावली. तिच्यावर उपचार करणारे प्रशिक्षणार्थी किती तास काम करीत होते व त्यांच्यावर देखरेख कोणाची होती, हा चौकशीचा विषय झाला, आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्यास ८० तास व सलग २४ तास अशी मर्यादा घातली. २००३ मध्ये ८० तासांची मर्यादा सर्व अमेरिकेत लागू झाली. २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या प्रशिक्षणार्थींना सलग १६ तासांहून अधिक काम देऊ नये असे ठरले. २०१७ मध्ये ही अट मागे घेतली गेली, आठवड्याची मर्यादा मात्र तशीच राहिली. ब्रिटनमध्ये युरोपीय नियमाने २००९ पासून कनिष्ठ डॉक्टरांचा आठवडा सरासरी ४८ तासांचा झाला, आणि एवढ्या वेळात हात तयार होत नाही अशी तक्रार तेथील शल्यतज्ज्ञांच्या संघटनांनी केली.

येथे एका अभ्यासाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे, कारण आपल्याकडे तो वारंवार चुकीच्या अर्थाने पुढे केला जातो. अमेरिकेतील ११७ सामान्य शल्यतंत्र कार्यक्रमांना दोन गटांत विभागून झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाने पाळीच्या लांबीचे सर्व नियम पाळले. दुसऱ्याला पाळीची लांबी आणि दोन पाळ्यांमधील विश्रांती यांबाबत मोकळीक दिली होती. रुग्णांचा मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, मोकळीक असलेल्या गटात ९.१ टक्के आणि नियमबद्ध गटात ९.० टक्के आले. ‘पाहा, तासांचा काही संबंध नाही,’ असे यावरून म्हटले जाते. परंतु या चाचणीत दोन्ही गटांना आठवड्यास ८० तासांची मर्यादा होतीच! ऐंशी तास कसे वाटावेत, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर तिने दिले आहे. शंभर तासांच्या आठवड्याविषयी ती काहीही सांगत नाही, आणि आपल्या परिस्थितीच्या समर्थनार्थ तिचा आधार घेणे अशास्त्रीय आहे.

त्याच चाचणीतून निघालेली दुसरी एक बाब मात्र मोलाची आहे, आणि ज्येष्ठांचे म्हणणे जेथे खरे ठरते ती जागा हीच. पाळी संपली म्हणून शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडून जावे लागले असे सांगणाऱ्या निवाशांचे प्रमाण नियमबद्ध गटात १३.२ टक्के, तर मोकळीक असलेल्या गटात ७.० टक्के होते. शल्यतंत्र हे कर्म एका क्षणाचे नाही. रात्री दोन वाजता आतड्याचा जोड ज्याने शिवला, त्याने पाचव्या दिवशी त्या रुग्णाच्या पोटावर हात ठेवला पाहिजे. जोड गळू लागला तर पुष्कळदा प्रथम काय दिसते? ताप नव्हे, पोटदुखीही नव्हे. नाडी वाढते, रुग्ण अस्वस्थ होतो, काल बोलत होता तो आज बोलत नाही. ही खूण केसपेपरावर उमटण्यापूर्वी ओळखणे हे पुस्तकातून येत नाही. तोच रुग्ण रोज पाहणाऱ्यालाच येते. ज्याने केवळ आपल्या पाळीतील तास पाहिले, त्याला रोगाचे तुकडे दिसतात, रोगाचा प्रवास दिसत नाही. तेव्हा सातत्य ही शल्यशिक्षणाची गरज आहे, या म्हणण्यास मी पूर्ण सहमत आहे.

मात्र सातत्य म्हणजे जागरण नव्हे. पाच दिवस रोज सकाळी तोच रुग्ण पाहणे आणि छत्तीस तास अखंड जागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीसाठी दुसरी आवश्यक असल्याचे कोणी सिद्ध केलेले नाही. रात्रीपुरते सातत्य युनिटने राखावयाचे असते. त्यासाठी एका डॉक्टरने दुसऱ्याच्या हाती रुग्ण सोपविण्याची क्रिया, जी आपल्याकडे जिन्यात उभ्या उभ्या दोन मिनिटांत उरकली जाते, ती शस्त्रक्रियेइतक्याच काटेकोरपणे शिकविली पाहिजे: रुग्ण किती गंभीर, त्याचा थोडक्यात वृत्तांत, रात्रीत करावयाची कामे, काय बिघडू शकेल आणि बिघडल्यास काय करावे, आणि ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगणे. अमेरिकेतील नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत अशी ठराविक पद्धत लागू केल्यावर टाळता येण्याजोग्या अपायांचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. यास यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे आणि वरिष्ठाची उपस्थिती लागते.

आता हाताच्या शिक्षणाकडे वळू. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करणाऱ्या वीस शल्यचिकित्सकांनी आपापल्या शस्त्रक्रियेची चित्रफीत दिली, आणि समव्यावसायिकांनी त्यांची नावे न कळता त्यांच्या हस्तकौशल्यास गुण दिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांत कमी गुणांच्या चतुर्थांशात गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर सर्वांत अधिक गुणांच्या चतुर्थांशात ५.२ टक्के निघाले. हे सर्वजण रीतसर पदवीधर व अनुभवी होते. हाताच्या कसबाचा रुग्णाच्या जिवाशी किती निकटचा संबंध आहे, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

आणि आपण या कसबाची परीक्षा कशी घेतो? एम. एस. च्या प्रात्यक्षिकात उमेदवाराला रुग्ण तपासावयास देतात, उपकरणे व नमुने दाखवून प्रश्न विचारतात, शस्त्रक्रियेच्या पायऱ्या तोंडी सांगावयास लावतात. तो प्रत्यक्ष कशी करतो, हे परीक्षक सामान्यतः पाहतच नाहीत. ती जबाबदारी तीन वर्षांच्या शिक्षकांवर आणि नोंदवहीवर सोपविलेली आहे. नोंदवही ठिकठिकाणी कशी भरली जाते, हे या क्षेत्रातील वाचकांस सांगण्याची गरज नाही. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एकाच शाईने झालेल्या सह्या पुरेशा बोलक्या असतात.

दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियांनी तर हा प्रश्न अधिकच तीव्र केला आहे. भारतात या पद्धतीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. आज ती जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. उघड्या पोटात ज्येष्ठाचा हात शिष्याच्या हातावर असे. येथे दोघेही पडद्याकडे पाहतात. खोली सपाट चित्रात कळत नाही, उपकरणाचे टोक हाताच्या उलट दिशेला फिरते, आणि बोटांना ऊतींचा स्पर्श जवळजवळ नसतो. पित्तनलिका समजून घेण्यात झालेली एक चूक रुग्णास आयुष्यभराचे दुखणे देते. असे हे कौशल्य प्रथम रुग्णाबाहेर गिरविल्याचा लाभ होतो, हे येल येथील १६ निवाशांवर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले: संगणकीय आभासी यंत्रावर आधी सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडविण्याचे काम २९ टक्के अधिक वेगाने केले, तर सराव न केलेल्यांकडून पित्ताशयास इजा होण्याची शक्यता पाचपट होती.

महागड्या यंत्रांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. दोन छिद्रे पाडलेली एक पेटी, आत दिवा व साधा कॅमेरा, बाहेर जुना पडदा, आणि शस्त्रक्रियागृहातून बाद झालेली उपकरणे एवढ्यावर मणी उचलणे, कापडावर वर्तुळ कापणे, टाका घालून गाठ मारणे या क्रिया हजार वेळा करता येतात. सुश्रुताच्या भोपळ्याचाच हा आजचा अवतार होय. प्रत्येक युनिटजवळ अशी पेटी असावी, आणि ठराविक क्रिया ठराविक वेळात बिनचूक केल्याखेरीज निवाशाने रुग्णाच्या पोटात उपकरण घालू नये, असा दंडक असावा. पण छत्तीस तासांनंतर पेटीसमोर बसण्याचे त्राण कोणात असणार? तासांचा प्रश्न पुन्हा येथे येऊन भिडतो.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ५ जून १९९२ च्या आदेशात कनिष्ठ निवाशाचे काम सामान्यतः आठवड्यास ४८ तास व सलग १२ तासांहून अधिक नसावे असे म्हटले आहे. त्याच वाक्यात, कामाच्या भारानुसार वैद्यकीय अधीक्षकांना हे तास बदलता येतील, अशी पळवाटही ठेवली आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणविषयक विनियमांत ‘वाजवी’ तास काम आणि ‘वाजवी’ विश्रांती, असे शब्द आहेत. आयोगाने नेमलेल्या मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्यास ७४ तासांची मर्यादा सुचविली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या एका सरकारी महाविद्यालयात लांबलचक पाळीतील एका निवासी डॉक्टरवर विश्रांतीसाठी गेलेल्या जागीच अत्याचार होऊन तिचा खून झाला; सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि रात्रपाळीतील डॉक्टरने पाठ टेकावी कोठे, हा प्रश्न प्रथमच सर्व देशाने ऐकला. ‘वाजवी’ हा शब्द दुबळ्याच्या बाजूने कधीच उलगडत नाही. चौऱ्याहत्तर ही मर्यादा मला आदर्श वाटत नाही, तरी आकडा आहे म्हणून ती ‘वाजवी’पेक्षा शतपट बरी. तो आकडा विनियमात यावा, पाळीपत्रक महिनाभर आधी भिंतीवर लागावे, आणि बंद होऊ शकेल असे दार असलेली विश्रांतीची खोली स्त्रियांसाठी व पुरुषांसाठी वेगळी असावी.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की तास कमी केले तर रुग्ण पाहावयाचे कोणी? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर पैशाचे आहे. वरिष्ठ निवाशांची रिक्त पदे भरावी लागतील, परिचर व लिपिक नेमावे लागतील, रक्त आणि नमुने ने-आण करणारी माणसे रात्रीही असावी लागतील. आज हा खर्च शून्य दिसतो याचे कारण तो विद्यार्थ्यांच्या आणि रुग्णांच्या खात्यावर पडतो.

एका चांगल्या गोष्टीची नोंद करतो. २०२० च्या अधिसूचनेने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक झाले. काही जण यास वेळेचा अपव्यय समजतात. शल्यतंत्रापुरते बोलावयाचे तर ज्या जिल्हा रुग्णालयात शिकविण्याची इच्छा असलेला एक शल्यचिकित्सक आणि एक भूलतज्ज्ञ आहे, तेथे अंतर्गळ, जलवृषण, आंत्रपुच्छ यांच्या शस्त्रक्रिया निवाशाच्या हातून सुखाने होतात. मोठ्या महाविद्यालयात त्याच शस्त्रक्रियेसाठी त्याला पाच ज्येष्ठांमागे उभे राहावे लागते. अशी रुग्णालये निवडून विद्यार्थी तेथेच धाडावेत, केवळ रिक्त जागा भरण्यासाठी कोठेही धाडू नयेत.

महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी येणारे तपासनीस खाटा मोजतात, शिक्षकांची हजेरी पाहतात, ग्रंथालयातील पुस्तकेही मोजतात. त्यांनी आणखी दोन कागद मागवावेत. गेल्या तीन महिन्यांतील कोणत्याही दहा एमर्जन्सी रात्री निवडून, त्या रात्री शस्त्रक्रिया करणारा निवासी आदल्या दिवशी किती वाजता कामास लागला होता व दुसऱ्या दिवशी किती वाजता सुटला, ते शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीवरून आणि वॉर्डातील नोंदींवरून काढावे. दुसरा कागद अखेरच्या वर्षातील निवाशाच्या नोंदवहीचा. प्रत्येक शस्त्रक्रियेसमोर त्याने काय केले — पाहिले, साहाय्य केले, देखरेखीखाली केले की स्वतंत्रपणे केले — आणि त्या वेळी त्याच्या समोर उभा असलेला शिक्षक कोण, हे तारखेसह लिहिलेले असावे, आणि त्या तारखा शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीशी ताडून पाहाव्यात. दोन्ही नोंदवह्या आजही प्रत्येक रुग्णालयात ठेवल्या जातात. शेजारी ठेवून वाचण्यास एक दुपार पुरते.